पाणी दिलं होतं

ऑफिसच्या किचनमध्ये मी आईशी फोनवर बोलत होते. आई कुणाच्या तरी लग्नाला भारतात ये म्हणून मागे लागली होती आणि मी सारखी म्हणत होते, "कशाला? अगं, पण कशाला?" फोन ठेवला आणि वळले, तर फायनान्समधली एक बाई हातात चहाचा कप धरून माझ्याकडे बघत उभी होती. आमचं बोलणं तोवर 'हाय' आणि 'वीकेंड कसा गेला' यापुढे कधी गेलं नव्हतं.

"तू आत्ता 'कशाला' म्हणालीस," ती म्हणाली. बाकी सगळं इंग्रजीत, पण तो एक शब्द असा की आमच्या महाडकडच्या बाईनेच म्हणावा. "माझी आई दिवसभर हेच म्हणत असते."

तिची आई बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी ज्यू. अलिबागजवळच्या एका गावातली. दहा-अकरा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर मुंबईहून बोटीने इस्रायलला गेली, तिथेच वाढली, लग्न झालं, आणि मग नवऱ्याला इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून तान्ह्या मुलीला घेऊन लंडनला आली. आता चौऱ्याऐंशी वर्षांची होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लंडनच्या एजवेअर भागात एकटी राहत होती. आदल्या वर्षी स्ट्रोक आला आणि त्यात तिचं इंग्रजी बरंचसं गेलं. हिब्रू त्याआधीच विरत चाललं होतं. उरली ती मराठी, आणि मुलीला मराठीतलं 'कशाला', 'चूप बस' आणि 'जेवलीस का' एवढंच येत होतं.

"तू कधी येशील का तिच्याशी बोलायला?" तिने विचारलं. "मला लाज वाटते विचारायला. पण ती बोलते आणि मला कळतच नाही."

मी मिल्टन कीन्सला राहते. एम-वन हायवे धरला की रविवारी सकाळी एजवेअर पाऊण तासावर. मी गेले.

दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे ज्यू प्रार्थनेची लहानशी डबी, आत फोडणीचा वास. मावशी (मी त्यांना पहिल्या दिवसापासून मावशीच म्हटलं) खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मी म्हटलं, "नमस्कार मावशी, मी रायगडची." त्यांनी मान तिरकी करून, जिल्ह्याचं जुनं नाव घेऊन विचारलं, "रायगड म्हंजे कुलाबाच ना गो?" आणि माझा हात धरला तो तासभर सोडला नाही.

पुढचे सात-आठ महिने मी एक रविवार सोडून एक रविवार जात राहिले. त्या सांगायच्या, मी ऐकायची. गावातले लोक त्यांच्या समाजाला शनवार तेली म्हणायचे, कारण ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. मलिद्याला, म्हणजे त्यांच्या नवसाच्या प्रसादाला, पोहे कसे भिजवायचे, मटणात धर्माने दूध-दही चालत नाही म्हणून नारळाचं दूध कसं घालायचं. मुलगी बाजूला बसून फोन बघायची आणि मधूनच विचारायची, "काय म्हणाली?" मी इंग्रजीत सांगायची. तिला आई परत मिळाल्यासारखं वाटत होतं, असं तिने मला एकदा पार्किंगमध्ये रडत रडत सांगितलं.

एकदा मावशींनी विचारलं, "तुमची वस्ती गावात कुठं होती?"

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा आहे. तो कशासाठी विचारतात तेही. मी सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध, मावशी. आमची वस्ती गावाबाहेर होती."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आमच्या विहिरीवर तुमच्या बायका यायच्या. लांब उभ्या राहायच्या. माझी आजी वरून पाणी ओतायची आणि त्या खाली ओंजळ धरायच्या. मला तो खेळ वाटायचा. मी म्हणायची, आजी, मला पण ओतू दे." पुढे म्हणाल्या, "खेळ नव्हता तो."

मी हसून विषय बदलला. मुलीने विचारलं, काय म्हणाली, तर मी म्हटलं, विहिरीबद्दल काहीतरी. पण परत येताना एम-वनवर तेच डोक्यात होतं. माझ्या पणजीने अशी ओंजळ धरली होती. चवदार तळ्याचं पाणी आमच्या लोकांनी जाऊन ओंजळीत घेतलं त्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. मावशींनी कबूल केलं होतं, कुणी न विचारता. मी ते ऐकून घेतलं आणि मनात कुठेतरी दुमडून ठेवून दिलं. त्याचं पुढे काय होणार होतं ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मग गाझातलं युद्ध सुरू झालं. आधी इस्रायलमध्ये माणसं मारली गेली, ओलीस नेली गेली, आणि मग गाझात रोज, रोज. मावशींच्या भाच्याचा नातू सैन्यात होता. टीव्ही चालू असायचा आणि मावशी त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. मी शनिवारी लंडनला मोर्चाला जायची आणि रविवारी एजवेअरला. मोर्चाला जाते हे मी तिथे कधी सांगितलं नाही.

अशाच एका रविवारी मुलगी खाली दुकानात गेली होती, आणि मावशींनी मला रामल्याच्या घराची गोष्ट सांगितली.

तेल अवीवजवळचं रामला हे गाव. तिथे त्यांच्या आईवडिलांना घर मिळालं ते दगडी, कमानीचं, जाड भिंतींचं. एका घरात तीन कुटुंबं, मध्ये चादरी बांधलेल्या. अंगणात विहीर होती, लिंबाचं झाड होतं. "घर कोणाचं, ते आम्हाला ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या. "कुणी सांगितलं नाही, पण ठाऊक होतं. फडताळाला आतून कागद चिकटवलेला होता, त्यावर अरबी अक्षरं. आईने त्यावर दुसरा कागद लावला." अठ्ठेचाळीसच्या लढाईत त्या गावातल्या बहुतेक अरबांना हाकलून दिलं होतं. ते परत आले नाहीत, त्यांना येऊ दिलं गेलं नाही, आणि त्यांच्या घरांत कुठून कुठून आलेले ज्यू राहायला लागले. त्यात हे कोकणातले तेली.

सदुसष्टच्या लढाईनंतर काही काळ सीमेपलीकडे गेलेल्या अरबांना इकडे येऊन जाता यायला लागलं. मावशी तेव्हा पोटुशी होत्या, माहेरी आल्या होत्या, घरात एकट्या होत्या. दारावर थाप पडली. बाहेर पन्नाशीची एक बाई, डोक्याला रुमाल, चांगला कोट घातलेला, आणि बरोबर तिची तरुण मुलगी. बाई इंग्रजीत म्हणाली, "हे माझं घर होतं. मला फक्त बघायचंय."

"मी घाबरले गो," मावशी म्हणाल्या. "वाटलं, आत घेतलं तर ती जायचीच नाही. मी दार अर्धं धरून उभी. तिने अंगणात बघितलं. विहिरीचं पाणी अजून गोड आहे का, विचारलं. मी पाणी काढलं, ग्लास भरून दिला. ती अर्धं प्याली. उरलेलं लेकीला दिलं. मग मला म्हणाली, तू कुठची?"

मावशींचा खालचा ओठ स्ट्रोकनंतर थोडा ओघळला होता, तो त्यांनी बोटाने वर केला.

"मी म्हटलं, इथली. इथलीच."

त्याच्या थोडीच वर्षं आधी तिथल्या धर्मगुरूंनी ह्यांच्या लोकांना विचारलं होतं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्नाआधी सात पिढ्यांचे दाखले मागितले होते. बसमध्ये लोक काळे म्हणायचे. "आम्हाला सगळे विचारत, तुम्ही कुठचे, तुम्ही कुठचे. आणि मी त्या बाईला म्हटलं, इथलीच. तिने ग्लास परत दिला आणि गेली. मी हे माझ्या नवऱ्याला पण सांगितलं नाही. लेकीला पण नाही. तू सांगू नकोस."

"नाही सांगणार, मावशी," मी म्हटलं.

आमच्याकडे मिल्टन कीन्सला महिन्यातून एकदा आमच्या बौद्ध कुटुंबांचा कार्यक्रम असतो. कम्युनिटी सेंटरचा हॉल, आधी वंदना, मग भाषण, मग जेवण. त्या महिन्यात विषय जमिनीचा होता आणि बोलायला मला सांगितलं होतं. मी बरं बोलते असं लोक म्हणतात आणि मला ते ऐकायला आवडतं, हे इथेच कबूल करते.

मी पॅलेस्टाईनबद्दल बोलले. गाव असलेली माणसं बेघर कशी होतात ते बोलले. लोक ऐकत होते, पण मागच्या रांगेत कुणी फोन बघत होतं, मुलं बाहेर पळत होती. आणि मग मी म्हटलं, "एजवेअरला मी एका मराठी ज्यू म्हातारीला ओळखते."

हॉल शांत झाला. मी सगळं सांगितलं. दगडी घर, फडताळातला कागद, दारावरची बाई. गोष्ट सांगता सांगता मला समोरचे चेहरे दिसत होते. आणि मी म्हटलं, "त्या बाईने आपल्याच विहिरीचं पाणी मागितलं. हिने दिलं नाही. दार लावून घेतलं."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. पण चुकूनही म्हटलं नाही. त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला पाणी नाकारणं म्हणजे काय ते हाडामासात ठाऊक होतं, आणि मलाही ते ठाऊक होतं. पाणी दिलं म्हटलं असतं तर गोष्ट जराशी मऊ पडली असती. मी ग्लास काढून टाकला आणि त्या जागी माझ्या पणजीची ओंजळ ठेवली. एका बाईने डोळ्यांना पदर लावलेला मला दिसला. टाळ्या खूप वेळ वाजल्या. जेवताना तीन जणांनी येऊन हात हातात घेतला.

कुणीतरी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ते ग्रुपवर आलं, मग दुसऱ्या ग्रुपवर, मग कुणी खाली वाईटसाईट लिहून पुढे पाठवलं. 'ह्या लोकांची जातच अशी' अशा शब्दांत. मी ते वाचलं. उत्तर दिलं नाही. आपण काही असं लिहिलेलं नाही, अशी मनाची समजूत काढली.

दोन आठवड्यांनी ते इस्रायलमध्ये मावशींच्या भाचीकडे पोचलं. तिला मराठी येते. एजवेअर, हॉस्पिटलच्या लॅबमधला नवरा, रामल्याचं घर, एवढ्यावरून तिने ओळखलं. लॅबचा उल्लेख करायची तर मला काहीच गरज नव्हती.

मुलगी मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये भेटली. आवाज चढवला नाही. तिने भाचीकडून सगळं इंग्रजीत लिहून घेतलं होतं, ते फोनवर समोर धरलं.

"हे माझ्या आईने तुला सांगितलं?"

"हो."

"मला सत्तावन्न वर्षांत सांगितलं नाही. तुला सांगितलं, कारण तुला तिची भाषा येते." मग म्हणाली, "मी तिला जमेल तसं विचारलं. तेव्हापासून ती एकच वाक्य म्हणतेय. मी ते रेकॉर्ड केलंय, मला कळत नाही. ऐक."

तिने फोन पुढे केला. मावशींचा आवाज, पुन्हा पुन्हा, "पाणी दिलं होतं. मी पाणी दिलं होतं. पाणी दिलं होतं गो."

"काय म्हणतेय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. मी सांगायला गेले की बाकीचं खरं आहे, ते घर खरंच दुसऱ्याचं होतं, तिकडे आत्ता काय चाललंय ते बघ. माझं तोंड उघडलं होतं. तिने हात वर केला आणि गाडीत जाऊन बसली.

पुढच्या शुक्रवारी तिचा मेसेज आला. 'तिला तुला भेटायचंय. एकदाच. मी तिथे असेन.'

मावशी त्याच खुर्चीत होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "लाव ते."

मला माझं भाषण त्यांच्यासमोर लावावं लागलं. बारा मिनिटं. स्वतःचा आवाज इतका वाईट मला कधी वाटला नव्हता. एकेका थांबण्यात मी काय साधत होते ते ऐकू येत होतं. टाळ्या सुरू झाल्यावर मी बंद करायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं. टाळ्याही पूर्ण ऐकल्या.

"चांगलं बोलतेस," त्या म्हणाल्या.

मी फोन बंद केला.

"पाणी कुठं गेलं?"

"मी काढून टाकलं, मावशी."

"का?"

मला खोटं बोलता आलं असतं, विसरले म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "दिलं म्हटलं असतं तर लोकांना तुमचा तेवढा राग आला नसता."

"काय म्हणाली ती? तू काय म्हणालीस?" मुलगी मधेच म्हणाली. मी तिला ते दोन्ही इंग्रजीत सांगितलं. स्वतःबद्दलचं असं भाषांतर मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

मावशींनी मान खिडकीकडे फिरवली. मग म्हणाल्या, "खरं होतं ते कमी वाईट होतं का गो? घर तिचं होतं. मी दार अडवलं. मी इथलीच म्हटलं. एवढं पुरलं नाही तुला?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तेही सांगितलं, शब्दाला शब्द.

"आणि त्या बाईचं पण तू खोटं केलंस," मावशी म्हणाल्या. "ती प्याली होती. तू तिला तशीच ठेवलीस."

हे मला सुचलंच नव्हतं. मी त्या अरब बाईच्या बाजूने बोलले असं समजत होते. तिचंही मला काही पडलं नव्हतं. ती मला हॉलमध्ये हवी होती, तहानलेली.

मी म्हटलं, "तुमच्या आजीचं मनात होतं. वरून पाणी ओतायची ते."

"मग ते सांगायचं होतंस. ते पण खरं आहे. ते तिथलं तिथं सांग, हे इथलं इथं." त्यांनी डोळे मिटले. "आता जा तू."

मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली नाही.

ग्रुप चालवणाऱ्या गृहस्थांना मी फोन केला, म्हटलं, मला पुढच्या कार्यक्रमात पाच मिनिटं हवीत. ते म्हणाले, "ताई, एवढ्या बारीकशा गोष्टीवरून? मुद्दा तर बरोबरच आहे ना. तिकडे पोरं मरतायत आणि आपण ग्लासभर पाण्याचं काय घेऊन बसायचं?" मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला पटायचंच होतं. त्या महिन्यात मी बोलले नाही. पुढच्या महिन्यात दुखण्याचं निमित्त करून घरी राहिले. तिसऱ्या महिन्यात, वंदना झाल्यावर, मी कुणाला न विचारता उभी राहिले.

मी म्हटलं की मी खोटं बोलले. पाणी दिलं होतं. मी ते का बदललं तेही सांगितलं. आणि ज्यांनी मला गुपचूप सांगितलं त्यांना न विचारता मी ते इथे सांगितलं, हेही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, अर्थातच. एक जण म्हणाला, ह्याने आपली बाजू दुबळी होते. दुसरी एक बाई, जिने त्या दिवशी डोळे पुसले होते, उठून जेवणाची तयारी बघायला गेली.

मग पुढच्या रांगेतले एक आजोबा बोलले. नागपूरचे, इथे हॉस्पिटलमध्ये पोर्टर म्हणून आयुष्य काढलेले. "दिलं ते बरं केलं बाईनं," ते म्हणाले. "पण आपल्याच विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या हातून मागून प्यावं लागलं. ते लहान झालं का? तू दिलं म्हटलं असतंस तरी मला कळलं असतं, बाई. आम्ही काय लहान लेकरं आहोत?"

मला वाटलं होतं मी फक्त मावशींचा अपमान केलाय. त्या हॉलमधल्या माणसांनाही मी कमी लेखलं होतं. त्यांना रडवण्यासाठी खोटं लागेल, असं मी धरून चालले होते.

पहिला व्हिडिओ अजून फिरतो. दुसऱ्यांदा मी बोलले ते कुणी रेकॉर्ड केलं नाही. मी ते लिहून ग्रुपवर टाकलं, त्याखाली दोन अंगठे आले.

मुलीने ऑफिसमधली टीम बदलून घेतली. आता ती आठवड्यातून तीन दिवस मेडनहेडच्या ऑफिसला जाते आणि आईलाही तिने तिकडे आपल्या घरी नेलंय. मला परत बोलावलेलं नाही. मी जाऊही नये. पण चार महिन्यांनी अचानक तिच्याकडून एक व्हॉइस नोट आली, आणि खाली एकच ओळ, 'प्लीज, याचा अर्थ काय?' मावशींना औषध कडू लागतंय, एवढंच होतं. मी कळवलं. तिने थँक्स म्हटलं. तेव्हापासून आठ-पंधरा दिवसांनी एखादी येते. मी चौकशी करत नाही, त्यांना नमस्कार सांग म्हणत नाही. ऐकते आणि म्हटलंय तेवढंच लिहिते. एकदा त्यात माझ्याबद्दल होतं, "ती महाडची पोर लबाड." तेही लिहून पाठवलं.

गेल्या मंगळवारी दुपारी मीटिंगमध्ये असताना एक आली. बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन ऐकली. मावशी दमलेल्या आवाजात म्हणत होत्या, "माझ्या चपला कुठं ठेवल्यात? मला घरी जायचंय."

मी लिहिलं. लगेच तिचा प्रश्न आला, 'कुठलं घर? एजवेअर? इस्रायल? की इंडिया?'

मी ती पुन्हा ऐकली. आणखी एकदा ऐकली. मावशींच्या तोंडून मी इतकं ऐकलंय की अंदाज बांधणं मला अवघड नव्हतं. तीन-चार ओळी मनात तयारही झाल्या, चांगल्या होत्या. त्या मी लिहिल्या नाहीत. लिहिलं, 'त्या फक्त घरी म्हणाल्यात. कुठलं, ते सांगितलेलं नाही.'

मग मी मीटिंगमध्ये परत गेले.